श्रद्धावाद

ईश्वराचे अस्तित्व किंवा धर्माची मूलतत्त्वे बुद्धीने सिद्ध होत नाहीत, ती श्रद्धेनेच स्वीकारायची असतात, असे मानणारी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील भूमिका. हिला ‘फिडेइझम’ असेही म्हणतात. लॅटिन ‘फिडेस’ म्हणजे श्रद्धा. संशयवाद हा धर्माचा वैरी, असे सहसा समजले जाते. या भूमिकेच्या इतिहासात मात्र संशयवादीच जागोजाग भेटतात.

याची मुळे ग्रीक संशयवादी सेक्स्टस एम्पिरिकस याच्या ग्रंथांत आहेत. प्रत्येक मतासमोर तितकेच वजनदार उलट मत उभे करायचे, निर्णय राखून ठेवायचा आणि व्यवहारात देवपूजेसकट रूढ आचार पाळत राहायचे, ही त्याची रीत. त्याच्या एका ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५६२ मध्ये छापले गेले; उरलेले लेखन १५६९ मध्ये आले. तेव्हा फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते. बुद्धीला काहीच ठामपणे कळत नसेल तर नव्या प्रोटेस्टंट पंथाचा युक्तिवादही लटका पडतो, हे हत्यार कॅथलिकांना आयतेच मिळाले.

फ्रेंच निबंधकार मिशेल द माँतेन (१५३३–१५९२) याने ते सर्वांत कौशल्याने वापरले. त्याच्या मनोऱ्यातील ग्रंथालयाच्या तुळयांवर सेक्स्टसची आणि बायबलची वचने शेजारी-शेजारी रंगवलेली आहेत. रेमाँ सबाँ या धर्मपंडिताने ख्रिस्ती धर्म बुद्धीने सिद्ध करू पाहिला होता. त्याचा बचाव करायला बसलेल्या माँतेनने बुद्धीचेच वाभाडे काढले. असा वकील कोणाला नको! हाच माणूस १५८१ मध्ये इटलीत लोरेतो येथील मेरीच्या देवस्थानी गेला आणि मेरी, आपण स्वतः, पत्नी व मुलगी अशा चार रुपेरी आकृतींची पाटी तेथे वाहून आला. त्याला यात विसंगती वाटली नसावी. ज्याला काहीच सिद्ध करता येत नाही, त्याने पूर्वजांची वाट तरी का सोडावी?

सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ व तत्त्वज्ञ ब्लेझ पास्काल याला सरसकट श्रद्धावादी म्हणणे धाडसाचे आहे. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीचा धार्मिक अनुभव त्याने कागदावर उतरवला: अब्राहमचा देव, ‘तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे’. तो कागद मृत्यूनंतर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला सापडला.

श्रद्धावादाची खरी अडचण वेगळी आहे. बुद्धीला दारातून हाकलले की कोणत्या श्रद्धेला आत घ्यायचे, हे ठरवणार कोण? हेच हत्यार प्रोटेस्टंटही उचलू शकत होते. चर्चलाही हा मित्र परवडणारा नव्हता: माँतेनचे निबंध १६७६ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले, आणि १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ईश्वर बुद्धीच्या प्रकाशात निश्चितपणे जाणता येतो, असे जाहीर केले.

विसाव्या शतकात अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर (१९१४–२०१०) याने या अडचणीवर मर्यादा घालून तोडगा काढला. मराठीतील श्रद्धा–अंधश्रद्धेच्या वादाला सरावलेल्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल. छद्मविज्ञान आणि अतींद्रिय शक्तींचे दावे त्याने आयुष्यभर खोडून काढले, कारण ते तपासता येतात. ईश्वर आणि मरणोत्तर जीवन मात्र तो मानत असे. नास्तिकांचे युक्तिवाद अधिक भक्कम आहेत, हे कबूल करून आपण मानतो ते मनाच्या समाधानासाठी, असे तो सांगे. ही भूमिका मांडणारे त्याचे पुस्तक १९८३ मध्ये निघाले. त्यावर ‘जॉर्ज ग्रोथ’ या नावाने एक कडक परीक्षण छापून आले. ग्रोथ हे गार्डनरचेच टोपणनाव आहे, असा खुलासा त्याच परीक्षणाच्या शेवटी होता.