फ्लॅट गेम व्हीआरमध्ये खेळायची खटपट: ही भानगड सुरू कुठून झाली

सध्या मॉनिटरसाठी बनवलेला, म्हणजे फ्लॅट गेम व्हीआर हेडसेट घालून आतून बघणं फारच सोपं झालंय. एक छोटं सॉफ्टवेअर चालवायचं, गेम निवडायचा, इंजेक्ट बटण दाबायचं आणि थेट त्या जगात उभं राहायचं. त्यामुळे नव्याने हेडसेट घेतलेल्यांना वाटतं की हे सगळं यूईव्हीआर हे सॉफ्टवेअर आल्यावर सुरू झालं. तसं नाहीये. यामागे पंचवीस-तीस वर्षांची खटपट आहे आणि त्यातली बरीचशी तर बाजारात धड हेडसेट मिळतही नव्हते तेव्हा झालीये.

मुळात मागणी किती साधी आहे बघा. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळं चित्र दाखवलं की मेंदू त्यातून खोली तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्येच दाखवून दिलं होतं. आता कुठलाही थ्रीडी गेम घ्या, त्यातली भिंत, दार, शत्रू, बंदूक सगळं मेमरीत खऱ्या लांबी-रुंदी-खोलीसकट असतंच, सपाट असतो तो फक्त मॉनिटर. म्हणजे गेमच्या कॅमेऱ्याशेजारी सहा-साडेसहा सेंटिमीटरवर दुसरा कॅमेरा ठेवला आणि दोन्ही चित्रं दोन डोळ्यांना दिली की काम झालं. ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच की तो कॅमेरा गेमच्या पोटात असतो आणि ज्याला दुसरा कॅमेरा बसवायचाय तो बाहेर उभा असतो, त्याच्याकडे गेमचा सोर्स कोड नसतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांची सगळी गोष्ट त्या कॅमेऱ्यापर्यंत हात कसा पोचवायचा याचीच आहे.

१९९५ च्या आसपास फोर्टे कंपनीचा व्हीएफएक्स-१ नावाचा हेडसेट आला होता, डोकं फिरवलं की चित्र फिरायचं, 'डिसेंट'सारखे गेम त्यावर चालायचे. पण चालायचे कारण गेम बनवणाऱ्यांनी स्वतः त्यासाठी कोड लिहिला होता. ज्यांनी नाही लिहिला त्यांचे गेम खेळायचे असतील तर काहीच मार्ग नव्हता, आणि हेडसेट घेणारे इतके कमी की कुणी लिहीत बसणार तरी कशाला.

मार्ग निघाला तो वेगळ्याच कारणाने. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी आलं आणि बहुतेक विंडोज गेम ग्राफिक्स कार्डाशी एकाच भाषेत बोलायला लागले. दोघं एकाच ठरलेल्या भाषेत बोलत असले की मध्ये एक दुभाषा घुसवता येतो, आणि हा दुभाषा थोडं खोटंही बोलू शकतो. गेम म्हणाला 'हे दार काढ' की दुभाषा कार्डाला सांगणार, दार दोनदा काढ, एकदा जरा डावीकडून आणि एकदा जरा उजवीकडून. गेमला पत्ताच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एल्साचे रेव्हेलेटर नावाचे शटर चष्मे यायचे ते याच युक्तीवर, आणि पुढे २००९ मध्ये एनव्हिडियाने थ्रीडी व्हिजन काढलं त्याच्या मुळाशीही हेच. १२० हर्ट्झचा मॉनिटर, चष्म्याच्या काचा आळीपाळीने बंद-उघड, प्रत्येक डोळ्याला सेकंदाला ६० चित्रं.

आता दुभाष्याची अडचण अशी की त्याला शब्द कळतात, गोष्ट कळत नाही. सावली ही सावली आहे, पाण्यातलं प्रतिबिंब हे प्रतिबिंब आहे, हे त्याला कुठे माहीत असणार, तो आपला सगळंच डावीकडे-उजवीकडे सरकवणार. त्यामुळे सावल्या जमिनीपासून सुटून हवेत तरंगायच्या, नेम धरायची खूण नाकासमोर यायची, पाणी एका डोळ्याला एका जागी आणि दुसऱ्याला भलतीकडेच. मग हेलिक्समोड आणि थ्रीडीमायगोटो अशी हत्यारं वापरून हौशी लोक एकेका गेमचे शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, उघडून हाताने दुरुस्त करत बसायचे. एकेका गेमला कितीतरी दिवस जायचे आणि गेमचा एक पॅच आला की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मते आजच्या व्हीआर मोडिंगचे (दुसऱ्याच्या गेममध्ये बाहेरून बदल करण्याचे) खरे पूर्वज हेच लोक, पण त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही कारण शटर चष्म्याचा धंदाच बसला, एनव्हिडियाने २०१९ मध्ये थ्रीडी व्हिजनचा सपोर्टही बंद करून टाकला.

तोवर हेडसेटची दुसरी लाट आली होती. २०१२ च्या जूनमध्ये 'डूम' बनवणाऱ्या जॉन कारमॅकनं ई३ या गेमच्या प्रदर्शनात ऑक्युलसवाल्या पामर लकीचा हेडसेट लोकांना दाखवला, आणि तो दाखवला कशावर, तर 'डूम ३'वर, म्हणजे जुना फ्लॅट गेमच. ऑगस्टमध्ये त्याच हेडसेटसाठी, म्हणजे ऑक्युलस रिफ्टसाठी, किकस्टार्टरवर लोकवर्गणी निघाली, अडीच लाख डॉलर मागितले होते, सुमारे २४ लाख आले. पैसे देणाऱ्यांना हेडसेटबरोबर 'डूम ३ बीएफजी' ही त्या गेमची नवी आवृत्तीसुद्धा मिळणार होती. गेम बाजारात आला पण त्यात रिफ्टचा सपोर्टच नव्हता, मग पैसे देणाऱ्यांना त्या बदल्यात दुसरं काहीतरी देऊन भागवलं गेलं. थोडक्यात २०१३ मध्ये डीके१ (रिफ्टची पहिली डेव्हलपर आवृत्ती) लोकांच्या हातात पडला तेव्हा परिस्थिती अशी, की डोक्याला लावायला यंत्र आहे आणि खेळायला जवळजवळ काही नाही. हा रिकामा वेळ फार महत्त्वाचा ठरला बरं का, कारण खेळायला भरपूर असतं तर जुने गेम वाकवायच्या फंदात इतके लोक पडले नसते.

त्याच २०१३ मध्ये दोन सॉफ्टवेअर आली. एक व्हिरिओ पर्सेप्शन, फुकट आणि ओपन सोर्स, 'हाफ-लाइफ २', 'लेफ्ट ४ डेड', 'मिरर्स एज' अशा मोजक्या गेमसाठी. दुसरं व्होर्पएक्स, पैसे देऊन घ्यायचं, पण गेमची यादी मोठी आणि सेटिंग तयार मिळणार. दोन्हींचा गाभा थ्रीडी व्हिजनच्या दुभाष्याचाच, फक्त आता चित्र चष्म्याऐवजी भिंगातून जाणार होतं म्हणून ते भिंगाच्या हिशेबाने वाकवायचं, आणि डोकं फिरेल तसा कॅमेरा फिरवायचा.

हे कॅमेरा फिरवणंच फार महागात पडलं. गेमच्या कॅमेऱ्यावर थेट ताबा नाही मग फिरवणार कसा, तर माऊसचं सोंग घेऊन. तुम्ही मान उजवीकडे वळवली की सॉफ्टवेअर गेमला सांगणार, माऊस उजवीकडे सरकला. आता माऊस गेमच्या सेन्सिटिव्हिटीने हलतो, काही गेममध्ये त्यावर स्मूदिंग असतं, काहींत अॅक्सेलरेशन, म्हणजे मान तीस अंश वळवली तर जग पंचवीस वळायचं नाहीतर चाळीस. मान खांद्याकडे कलती केली तर माऊसमध्ये तशी हालचालच नाही. पुढे वाकून टेबलावरची वस्तू बघावी तर टेबलही तुमच्याबरोबर पुढे सरकतं. शिवाय बंदूक माऊसला बांधलेली, म्हणजे तुम्ही बघाल तिकडे नळी. आणि हे सगळं डोकं हलल्यापासून वीसेक मिलीसेकंदांत डोळ्यांपर्यंत पोचायला हवं, ते पोचायचं नाही. मी पहिल्यांदा असा गेम खेळलो तेव्हा वीस मिनिटांत घाम फुटून हेडसेट काढला आणि संध्याकाळभर पलंगावर पडून होतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशी परत लावला, कारण ज्या कॉरिडॉरमधून मॉनिटरवर शंभरदा पळालो होतो त्याचं छत किती उंच आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणखी एक घोळ म्हणजे दृष्टीचा आवाका. मॉनिटरवरचे गेम साधारण ६० ते ९० अंशांचं चित्र काढतात आणि त्याबाहेरचं काढतच नाहीत, कार्डाचा भार वाचवायला. हेडसेटला लागतात शंभरच्या पुढे. मग डोळ्याच्या कडेला झाडं अचानक गायब, भिंतीचा तुकडा नाही. व्होर्पएक्सने यावर पुढे डायरेक्टव्हीआर नावाचा प्रकार आणला, त्यात सॉफ्टवेअर गेमची मेमरी चाळून कॅमेऱ्याचा कोन आणि आवाका कुठल्या पत्त्यावर लिहिलाय ते शोधून काढतं. म्हणजे माऊसचं सोंग सोडून हात थेट कॅमेऱ्याकडे जायला लागला.

दोनदा चित्र काढायला कार्डाची ताकद दुप्पट लागते, म्हणून एक स्वस्तातला मार्गही होता. एकच चित्र काढायचं आणि प्रत्येक पिक्सेल किती लांब आहे याची जी नोंद कार्ड ठेवतंच तिच्यावरून दुसऱ्या डोळ्याचं चित्र ओढूनताणून बनवायचं. व्होर्पएक्समध्ये याला झेड-थ्रीडी म्हणतात आणि दोनदा काढण्याला जी-थ्रीडी. वेग छान मिळतो. पण खांबाच्या मागे काय आहे हे पहिल्या चित्रात काढलेलंच नसतं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या कडेला वितळल्यासारखी झालर दिसते. सिनेमाच्या पडद्यासारखं लांबून बघायला ठीक, आत उभं राहायला नाही.

याच काळात काही जण दुसऱ्या वाटेने गेले, ज्यांचा सोर्स कोड हातात आहे तेवढेच गेम धरायचे. व्हॉल्व्ह कंपनीने मार्च २०१३ मध्ये स्वतःच्याच 'टीम फोर्ट्रेस २'ला व्हीआरची सोय दिली आणि त्यात नेम डोक्याने धरायचा की माऊसने यासाठी निरनिराळे पर्याय ठेवले, यावरूनच कळतं की घरातल्या माणसांनाही उत्तर सापडलं नव्हतं. 'डूम'वाली इड सॉफ्टवेअर कंपनी जुन्या गेमचा कोड खुला करत आली होती, त्यामुळे तो अर्धवट राहिलेला 'डूम ३ बीएफजी' शेवटी हौशी लोकांनीच व्हीआरमध्ये आणला. डॉल्फिन या एम्युलेटरची (दुसऱ्या यंत्राचे गेम पीसीवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) व्हीआर आवृत्ती निघाली आणि निन्टेन्डोच्या गेमक्यूबचे गेम हेडसेटमध्ये दिसायला लागले. पुढे डॉक्टरबीफ नावाने काम करणाऱ्या मोडरने 'क्वेक', 'हाफ-लाइफ', 'डूम ३' क्वेस्ट या हेडसेटवर म्हणजे पीसीविना चालवून दाखवले, हातात धरायच्या कंट्रोलरसकट. कोड हातात असला की बंदूक डोक्यापासून सोडवून हाताला बांधता येते, हा फरक केवढा मोठा आहे ते एकदा खेळल्याशिवाय कळत नाही.

या दोन वाटांच्या मधलं एक प्रकरण मला फार आवडतं. 'एलियन: आयसोलेशन' २०१४ च्या ई३ मध्ये डीके२ या रिफ्टच्या दुसऱ्या डेव्हलपर आवृत्तीवर दाखवला होता, विकताना मात्र व्हीआर अधिकृतपणे काढून टाकलं. पण कोड गेममध्ये तसाच पडून होता, सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलली की चालू व्हायचा. नंतर नव्या हेडसेटवर तो बंद पडला, तर २०१७ मध्ये मदरव्हीआर नावाच्या मोडने तो पुन्हा जिवंत केला. म्हणजे इथे दुसरा कॅमेरा बाहेरून बसवावाच लागला नाही, आत होता तो फक्त जागा केला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

मधली काही वर्षं ल्यूक रॉस या मोडरच्या नावावर आहेत. त्याच्या 'जीटीए ५', 'रेड डेड रिडेम्प्शन २', 'सायबरपंक २०७७' वगैरे मोडची युक्ती अशी की एक फ्रेम डाव्या डोळ्यासाठी काढायची, पुढची उजव्यासाठी. कार्डावर दुप्पट भार नाही, सावल्यांची भांडणं बरीच कमी, आणि डोकं माऊसवाटे नाही तर कॅमेऱ्यालाच जोडलेलं. बदल्यात वेगाने हलणाऱ्या वस्तू जराशा दुहेरी दिसतात. हे मोड पैसे भरणाऱ्यांना मिळायचे आणि २०२२ मध्ये 'जीटीए' आणि 'रेड डेड'ची मालक असलेल्या टेक-टू कंपनीने कॉपीराइटची नोटीस पाठवून आपल्या गेमचे मोड काढायला लावले. यात कंपनीची बाजू कायद्याने भक्कम असेलही, पण जो गेम कंपनी स्वतः व्हीआरमध्ये देणार नाही तो दुसऱ्याने बनवला तर नेमकं कुणाचं नुकसान झालं हे मला आजवर उमगलेलं नाही.

त्याच वर्षी प्रेडॉग या नावाच्या मोडरने 'रेसिडेंट ईव्हिल'चे गेम व्हीआरमध्ये आणले. सातव्या भागाला २०१७ मध्ये अधिकृत व्हीआर होतं पण फक्त प्लेस्टेशनवर, पीसीवाले पाच वर्षं नुसते बघत होते. त्याने मोड एका गेमसाठी न लिहिता कॅपकॉम कंपनीच्या आरई इंजिनासाठी, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर तिचे गेम बांधले जातात त्यासाठी, लिहिला, म्हणून त्या इंजिनावरचे बाकीचे गेमही पाठोपाठ आले. आणि मग तोच विचार त्याने अनरियल इंजिनाला लावला.

इथे खरी काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणावी अशी गंमत आहे. अनरियल ४ हे इंजिन २०१४ पासून व्हीआरला तयार आहे, दोन डोळ्यांचं चित्र काढायची सगळी व्यवस्था त्यात आहे, आणि हेडसेट जोडलेला नसतानाही डेव्हलपरला तपासता यावं म्हणून एक 'फेक स्टिरिओ' यंत्रणासुद्धा आहे. त्या इंजिनावर बनलेल्या फ्लॅट गेममध्येही ही यंत्रणा बहुतेक वेळा तशीच बसून असते, कुणी हाक मारत नाही म्हणून गप्प. प्रेडॉगने बनवलेलं यूईव्हीआर गेममध्ये शिरून नेमकी तीच शोधतं आणि हेडसेटला जोडून देतं. आता इंजिन स्वतःच दोन डोळ्यांसाठी चित्र काढतं, म्हणून सावल्या बहुतेकदा जागच्या जागी राहतात, आणि अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर असल्याने दारं दाराएवढी आणि माणसं माणसाएवढी दिसतात. थ्रीडी व्हिजनच्या काळी दोन चित्रांमधलं अंतर डोळ्यांनी अंदाज घेत सरकवावं लागायचं आणि चुकलं तर सगळं शहर खेळण्यातलं वाटायचं, ते गेलं. २०२४ उजाडता उजाडता हे फुकट आणि ओपन सोर्स म्हणून सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि ४.८ पासूनच्या अनरियलवरचे कितीतरी गेम एका झटक्यात आवाक्यात आले. ओपनएक्सआर हे सामायिक मानक २०१९ मध्ये ठरलेलं असल्यामुळे हेडसेट कुठल्या कंपनीचा याचीही फार चिंता उरली नव्हती. युनिटी इंजिनासाठी रायकुपार्टा नावाच्या मोडरचं यूयूव्हीआर आहे, पण युनिटीत प्रत्येक स्टुडिओ आपापला संसार वेगळा मांडतो, त्यामुळे तिथे नशिबाचा भाग जास्त.

सगळं सुटलंय असं अजिबात नाही. काही गेममध्ये इफेक्ट एकाच डोळ्यात दिसतात, मग पर्याय म्हणून ल्यूक रॉससारखं एकाआड एक फ्रेम काढणं यूईव्हीआरमध्येही दिलेलं आहेच. कटसीनमध्ये, म्हणजे मधल्या सिनेमासारख्या प्रसंगात, दिग्दर्शकाने कॅमेरा हलवला की पोट ढवळतं ते ढवळतंच. हातातली बंदूक कंट्रोलरला बांधणं हे अजूनही एकेका गेमसाठी कुणीतरी बसून करतं आणि प्रोफाइल बनवून इतरांना देतं, अगदी त्या शेडर दुरुस्त करणाऱ्यांसारखंच. आणि ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये यातलं काहीही वापरायच्या फंदात पडू नका, कारण अँटी-चीटला (लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला) आत घुसलेला दुभाषा आणि चीट करणारा यातला फरक कळत नाही, अकाउंट जातं.