जि.प. शाळेचा पट नेमका कधी घसरायला लागला

मे महिन्यात भर उन्हात आमच्या गावातले गुरुजी आणि बाई वही घेऊन घरोघर फिरतात, सहा वर्षांचं पोर असलेल्या घरी उंबऱ्यापाशी बसून "पहिलीला आमच्याकडेच घाला हो" म्हणतात. माझी आई जि.प.ची शिक्षिका होती, ती म्हणते फिरायचो आम्हीपण, पण नुसती नावं लिहून घ्यायला, विनवण्या कराव्या लागत नव्हत्या.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, नंतर कितीतरी वर्षं गावात शाळा म्हणजे हीच एक. इंग्रजीची ओढ वाढली ती पुढे, म्हणून तर जून 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामुळे "इंग्रजी नाही म्हणून मुलं गेली" एवढंच कारण मला पटत नाही.

माझ्या मते खरा फटका 2010 ते 2012 या काळात बसला. एप्रिल 2010 ला आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा लागू झाला, तो चांगलाच कायदा होता. मग 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी, आणि पटावरची सुमारे 20 लाख मुलं वर्गात सापडलीच नाहीत. बोगस पट उघडा पडला हे बरंच झालं, पण तिथून पुढे शिक्षक "अतिरिक्त" ठरायला लागले, त्यांचं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवणं, सुरू झालं आणि भरती अडकली ती अडकलीच. 2010 च्या शिक्षक भरतीच्या सीईटीनंतर जि.प.ला नवीन शिक्षक मिळायला पवित्र या सरकारी भरती पोर्टलची पहिली निवड यादी यावी लागली, ती ऑगस्ट 2019 ला!! आणि नेमका 2012 चाच स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या खासगी शाळांचा कायदा, म्हणजे एकीकडे आपल्या शाळेत निवृत्त झालेल्या बाईंच्या जागी कोणी येत नाही आणि दुसरीकडे नाक्यावर टाय-बुटातली पोरं न्यायला पिवळी व्हॅन उभी.

मध्ये चांगलंही झालं. जून 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला, साताऱ्याच्या कुमठे बीटमधलं (बीट म्हणजे शाळांचा एक गट) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायचं, काम बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे, वर्गात फरशीवर खडूने आखलेले तक्ते, गोट्या, काड्यांचे गठ्ठे घेऊन गणित करणारी मुलं. आईनेही तसंच शिकवलं आणि तिची दुसरीतली पोरं हातच्याची वजाबाकी बिनचूक करायची. पण 2017 च्या शेवटी 10 पेक्षा कमी पटाच्या 1314 शाळा बंद करायचा निर्णय आला, आणि 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवण्याच्या) जीआरने तर सहावी ते आठवीला 20 च्या खाली पट असेल तिथे शिक्षकच नाही असं ठरवलं. शिक्षक काढून घेतला की उरलेली मुलंही जाणारच ना?

शिक्षक टिकला तर काय होतं ते पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या जि.प. शाळेत दिसलं. वारे गुरुजी तिथे शिकवायला आले तेव्हा जेमतेम 3 मुलं होती, पुढे पट शंभरावर गेला आणि 2025 ला जगातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार या शाळेला मिळाला. गावकरी पाठीशी उभे राहिले हेही तितकंच खरं.

यंदा मे महिन्यात मीही आईच्या जुन्या शाळेतल्या बाईंसोबत फिरलो. एका ताईंनी ना इंग्रजीचं विचारलं ना फीचं, त्यांचा एकच प्रश्न होता, "पुढच्या वर्षी तुम्ही इथेच असाल ना?" बाई गप्प झाल्या, कारण शाळेला किती शिक्षक मिळणार ते 30 सप्टेंबरच्या पटावर ठरणार होतं.