हिमालयन ४५० घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रत्नागिरीत आमचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. जुन्या अ‍ॅडव्हेंचर गाड्या तपासून, नीट करून आम्ही विकतोही. गाडी बघायला येणारा बहुतेक जण आधी विचारतो, "पिकअप कसा आहे?" कोकणात राहणाऱ्याने आधी शॉकअपबद्दल विचारावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रॉयल एन्फिल्डने हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आणली. इंजिन ४५२ सीसीचं, लिक्विड कूल्ड. ताकद सुमारे ४० पीएस, टॉर्क (चाक फिरवणारा जोर) ४० न्यूटन मीटर, गियर सहा. पण आपल्या कामाचे आकडे इंजिनच्या खाली आहेत. पुढच्या-मागच्या दोन्ही शॉकअपची चाल २०० मिलिमीटर, जमिनीपासून उंची २३० मिलिमीटर आणि पुढचं चाक २१ इंची. गणपतीच्या दिवसांत डांबरी रस्ता सोडून वाडीकडे वळा. चिऱ्यांच्या ट्रकांनी उखडलेला, पावसाने धुतलेला रस्ता समोर येतो. लहान चाक जिथे खड्ड्यात उतरून आदळतं, तिथे हे मोठं चाक वरून निघून जातं. मागे बसलेल्या माणसाच्या कंबरेला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

बुलेटची सवय असलेल्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क ५,५०० आरपीएमला मिळतो. कुंभार्ली घाटात दोन माणसं आणि सामान घेऊन चढताना वरच्या गियरमध्ये रेटत राहिलात तर गाडी कुरकुरते. गियर खाली टाका, इंजिन फिरू द्या, मग ती सहज चढते.

टाकी १७ लिटरची. लिटरला २५ किलोमीटर धरले तरी ४२५ किलोमीटर होतात. मुंबई ते रत्नागिरी सुमारे ३४० किलोमीटर, म्हणजे एका टाकीत घर गाठता येतं. सागरी मार्गाने आतल्या गावांतून फिरताना पंप लवकर सापडत नाहीत, तिथे ही टाकी फार मोलाची आहे.

आता वजन. गाडी १९६ किलोची आहे, आणि सीट ८२५ मिलिमीटरवर. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी उतारावर एक पाय नीट टेकला नाही, तर एवढं वजन एकट्याने सावरत नाही. उंची कमी असेल तर जुनी हिमालयन ४११ आधी बसून बघा. तिची सीट ८०० मिलिमीटरवर आहे. वजन जवळपास तेवढंच आणि ताकद कमी, पण इंजिन साधं, रेडिएटर (इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी) नाही. चांगली राखलेली ४११ आम्ही आजही मनापासून सुचवतो.

खर्चाचा हिशेब घेण्याआधीच करा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे, त्याखालच्यांवर १८ टक्के. थर्ड पार्टी विम्याच्या २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आहेत, त्याच्या वर २,८०४ रुपये. रोजचं काम घर ते बाजारपेठ एवढंच असेल तर हा जादा पैसा वसूल होणार नाही. अशांना आम्ही सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स दाखवतो: २४९ सीसी, १६७ किलो. महिन्यातून दोनदा घाट ओलांडणाऱ्याला, जोडीने लांब जाणाऱ्याला मात्र ४५० चे पैसे रस्त्यावर परत मिळतात.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्या खड्ड्यांपेक्षा खाऱ्या हवेने जास्त बिघडतात. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत गाडी उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा बेअरिंगवर आणि रेडिएटरच्या जाळीवर थेट मारू नका. बेअरिंगमध्ये पाणी शिरतं, जाळीच्या पात्या वाकतात. जाळीत बसलेला तांबडा चिखल मऊ ब्रशने काढा, नाहीतर घाटात इंजिन तापतं. स्पोकच्या निपलवर (रिमजवळच्या टोकाच्या नटावर) पांढरी भुकटी दिसली की लगेच आणा. ती धातू खाल्ला जाण्याची सुरुवात असते, आणि त्या वेळी काम स्वस्तात होतं. चेनला दर ५०० किलोमीटरला ल्यूब, पावसात त्याहून लवकर.

पुळणीवर गाडी घालू नका, ही विनंती आहे. समुद्राचं पाणी स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये आणि ब्रेकमध्ये शिरतं, आणि वरून धुतलं तरी आतलं मीठ राहतंच. शिवाय वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालतात. चाकाखाली काय आहे ते वाळूवरून दिसत नाही.

आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, तपासणी मे महिन्यात करून घ्या. मृग लागल्यावर रांग लागते. ब्रेक पॅड, टायर, चेन, कूलंट आणि वायरिंगचे सांधे आम्ही बघतो. सांध्यांना ग्रीस लावल्यावर पावसात गाडी मध्येच बंद पडण्याचा त्रास बराच कमी होतो.

गाडी चालवून बघायला येताना बूट घाला आणि मागे बसणारं माणूस बरोबर आणा. आरे-वारेच्या चढावर दोघांना घेऊनच चक्कर मारू. गाडी पसंत नाही पडली तर तसं मोकळेपणाने सांगा.