एकच बार्बेरा: स्टीलमधली आणि ओकमधली

इटलीच्या पिएमोंते भागातल्या 'बार्बेरा द’आस्ती' या लाल वाइनच्या दोन बाटल्या शेजारी ठेवा. द्राक्ष एकच, टेकड्या त्याच, पण एका ग्लासातून ताज्या चेरीचा वास येतो, दुसऱ्यातून व्हॅनिला, लवंग आणि किंचित धुराचा. आंबवून झाल्यावर वाइन कशात ठेवली, त्याचा हा फरक.

साधी बार्बेरा बहुधा स्टीलच्या टाकीत राहते. तिथे हवा लागत नाही, म्हणून फळाचा ताजेपणा टिकतो. पण हवा अजिबात न मिळाल्यामुळेच कधी कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. सुरुवातीलाच लक्षात आला, तर वाइनला हवा लागेल अशा बेताने ती दुसऱ्या टाकीत काढली की तो बहुतेक वेळा जातो. उशीर झाला तर काढणं फार कठीण.

लेबलवर 'सुपेरिओरे' असेल तर नियमानुसार किमान 14 महिने मुरवण, त्यातले 6 लाकडी पिंपात. पण लाकूड म्हणजे व्हॅनिला नव्हे, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. वास येतो तो 225 लिटरच्या नव्या, आतून भाजलेल्या ओकच्या 'बारिक' पिंपातून. हजारो लिटरच्या जुन्या 'बोत्ते' पिंपातून हवा सावकाश मिळते, ओकचा वास जवळजवळ नाही. पिएमोंतेच्याच बारोलो या लाल वाइनला 18 महिने लाकूड सक्तीचं आहे, तरी जुन्या पद्धतीच्या बारोलोत व्हॅनिला शोधून सापडत नाही.

बार्बेरात आंबटपणा भरपूर, तुरटपणा कमी. ही उणीव नवा ओक भरून काढतो. वाइन उत्पादक जाकोमो बोलोन्या यांनी 1982च्या पिकापासून बारिकमध्ये मुरवलेल्या 'ब्रिक्को देल्लुच्चेल्लोने' या बार्बेराने हे ठसठशीत दाखवलं. मात्र द्राक्षात दम नसेल तर ओक फळाला गिळून टाकतो, आणि बाटलीत वर्षं गेली की फळ विरतं, लाकूड उरतं. पिंपातली वाइन उडून पातळी खाली जाते. वेळोवेळी भर घातली नाही तर रिकाम्या जागेतल्या हवेने ती व्हिनेगरकडे झुकते. जुन्या पिंपात ब्रेटानोमायसिस हे यीस्ट शिरलं की घोड्याच्या तबेल्याचा वास येतो. वाइन लाकडात मुरलेली असल्याने ते धुऊन पुरतं निघत नाही.

ओळखायचं कसं? घोट गिळून जीभ हिरड्यांवरून फिरवा. स्टीलमधली असेल तर तोंडाला पाणी सुटतं. नव्या बारिकमधली असेल तर हिरड्या कोरड्या पडतात. पहिली 14 ते 16 अंशांवर प्यावी, दुसरी 18च्या आसपास. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन्ही बाटल्या आधी फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतील.