इंटरनेट कंपनी बदलताना मोडतं काय?

समजा, पेढी इंदूरच्या सियागंजात आणि कारखाना पीथमपूरला. स्वस्त पडते म्हणून पेढीने दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. बिल कमी झालं, पण जुना स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा २०३.०.११३.१० सारखा न बदलणारा पत्ता, हातचा गेला. मुळात तो पेढीचा नव्हताच. तो कंपनीच्या मोठ्या गठ्ठ्यातला. अख्ख्या गठ्ठ्याची वाट जगभरच्या राउटरांना एकत्रच सांगितलेली असते. त्यातला एक सुटा पत्ता उचलून नेता येत नाही. मोबाइल नंबर पोर्ट होतो, हा नाही.

आतल्या संगणकांचे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात, ते टिकतात. फक्त नवा राउटर १९२.१६८.०.१ वर आणि जुना १९२.१६८.१.१ वर असेल, तर हाताने पत्ता भरलेला प्रिंटर आणि हजेरीचं मशीन गायब होतं. नव्या राउटरला जुन्याचाच पत्ता दिला की भागलं.

पैसा आणि वेळ जातो तो जुना आयपीचा आकडा दुसऱ्यांनी जिथे लिहून ठेवलाय तिथे. पीथमपूरच्या राउटरमधलं व्हीपीएन, म्हणजे पेढी आणि कारखाना जोडणारी इंटरनेटवरची खासगी वाट, मालकाच्या मोबाइलवरचं कॅमेऱ्यांचं ॲप, आणि कोणत्या पत्त्यांवरून आत येऊ द्यायचं याची बँकेची परवानगी-यादी. बँकेत तर अर्ज देऊन वाट बघावी लागते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर एसपीएफ नोंद, म्हणजे आपल्या नावाने मेल कोणत्या पत्त्यावरून येऊ शकते ते सांगणारी नोंद, बदलाच. शिवाय आकड्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद नव्या कंपनीकडूनच करून घ्यावी लागते. ती राहिली की मेल स्पॅममध्ये पडतात किंवा परत येतात.

नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. तिचं उत्तर लोकांकडे किती वेळ साठून राहायचं तो आकडा म्हणजे टीटीएल. समजा, तो ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस आहे. तो ३०० वर आणायचा, पण बदलाच्या निदान एक दिवस आधी. ऐनवेळी कमी करून उपयोग शून्य. जुनं उत्तर लोकांकडे दिवसभर साठलेलं असतंच.

जुनी लाइन लगेच तोडू नका. महिनाभर दुहेरी बिल भरणं परवडतं. दोन्ही लाइन एकाच राउटरला जोडल्या असतील तर जुनीवरून आलेल्याला उत्तर जुनीवरूनच जाईल, असा नियम लावा. उत्तर नवीवरून गेलं तर पत्ता वेगळा दिसतो आणि समोरचा संगणक ते टाकून देतो. जुन्या पत्त्यावर अजून कोण येतंय ते राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, दिसतं. विसरलेली यंत्रं तिथेच सापडतात. आणि हो, नवी जोडणी घेण्याआधीच स्टॅटिक आयपी मिळणार का ते विचारा. काही कंपन्या सीजीनॅट नावाची पद्धत वापरतात, तिथे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तिथे बाहेरून आत शिरायला वाटच नसते.