आज भान नाही, की त्या दिवशी नव्हतं?

बडोद्यात कारेलीबागच्या मनोरुग्णालयाबाहेर दांडिया बाजारातली, मुलगा मारहाणीच्या खटल्यात आरोपी असलेली एखादी आई विचारते, "डॉक्टरांनी आजार लिहून दिलाय. आता सुटेल ना माझा मुलगा?" या एका वाक्यात दोन निराळे प्रश्न अडकलेले असतात.

पहिला आजचा. कोर्टात काय चाललंय हे आरोपीला समजतं का, स्वतःचा बचाव करता येतो का? येत नसेल तर खटला थांबतो. संपत नाही, बरा झाला की पुन्हा सुरू. दरम्यान भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३६९ खाली त्याला घरी सोडता येतं, पण दाखल ठेवण्याची गरज नसेल तरच. शिवाय नियमित उपचार करू आणि त्याच्या हातून स्वतःला किंवा इतरांना इजा होऊ देणार नाही, अशी हमी नातेवाइकाने किंवा मित्राने द्यावी लागते. घाईने सही करू नये. ज्या वहिनीला मार बसला ती त्याच घरात राहत असेल, तर आधी तिला विचारा.

दुसरा प्रश्न त्या दिवसाचा. इथे लागतं भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ८४. कृत्य करताना मनोविकारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्याची शक्तीच नव्हती का? नुसता आजार असून भागत नाही, आणि सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. आजचा दाखला इथे तोकडा पडतो. दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या १९६४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने कृत्याच्या आधीची, त्या वेळची आणि नंतरची परिस्थिती पाहायला सांगितलं. यातली 'आधीची' घरच्यांनाच ठाऊक असते: जुन्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं, सुटलेली नोकरी. उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात नेलं होतं, हे सांगायला लोक लाजतात. सांगा. तारीख आठवत असेल तर तीही.

आणि हा बचाव मान्य झाला, तरी निकालात कृत्य त्याने केलं की नाही हे लिहावंच लागतं. केलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ प्रमाणे कोर्ट त्याला सुरक्षित ताब्यात ठेवू शकतं, किंवा अर्ज आणि हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवू शकतं. निर्दोष सुटला म्हणून रिक्षा ठरवून आलेले लोक तिथे गोंधळतात. तो अर्ज निकालाआधीच तयार ठेवायला वकिलांना सांगावं.