दोन आजार, एकच केसपेपर

खोकला आहे का? संध्याकाळी बारीक ताप येतो का? वजन उतरलंय का? रात्री घाम येतो का? एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार मिळतात त्या केंद्रात, गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाला दर खेपेला हे चार प्रश्न विचारायचे असतात, कारण एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचं जगातलं सर्वांत मोठं कारण आजही टीबी आहे.

टीबीचे जंतू कित्येकांच्या फुप्फुसात निपचित पडून असतात. पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती कडं करून त्यांना कोंडून ठेवतात. हा बंदोबस्त सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींच्या जोरावर चालतो आणि एचआयव्ही नेमक्या त्याच पेशी संपवतो. एरवी अशा माणसाला टीबी होण्याचा धोका आयुष्यभरात ५ ते १० टक्के असतो. एचआयव्ही असून उपचार चालू नसतील, तर जवळपास तेवढा धोका दर वर्षी असतो. त्यात सीडी४ फार घटले असतील तर फुप्फुसात पोकळ्याही फारशा होत नाहीत. मग बेडक्यात जंतू कमी सापडतात, छातीचा फोटोही कधी कधी नॉर्मल येतो. अशा वेळी सीबीनॅट चाचणी कामी येते. ती जंतूचा डीएनए शोधते आणि रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही साधारण दोन तासांत सांगते.

आता भोसरी एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा एखादा हेल्पर डोळ्यांसमोर आणा. बेडका द्यायला एक खाडा, रिपोर्टला दुसरा, टीबीच्या गोळ्यांसाठी तिसरा, एआरटीसाठी चौथा. प्रत्येक खिडकीवरचा माणूस आपलं काम चोख करतो, आणि तरी रुग्ण मधल्यामध्ये गळतो.

म्हणूनच राष्ट्रीय कार्यक्रमात टीबीच्या गोळ्याही एआरटी सेंटरवरच देण्याची ‘एक खिडकी’ पद्धत आली. यात फेऱ्या वाचतात हे खरंच, पण माझ्या मते तिची खरी गरज औषधांमुळे आहे. रिफाम्पिसिनमुळे यकृतातली काही विकरं जोमाने काम करू लागतात आणि एचआयव्हीवरचं डोल्युटेग्रॅव्हिर भराभर मोडून टाकतात. त्यामुळे दिवसातून एकदा घ्यायची ५० मिलिग्रॅमची गोळी दोनदा घ्यावी लागते. टीबीचा कोर्स संपला तरी हा परिणाम लगेच ओसरत नाही, म्हणून ती जादा गोळी आणखी दोन आठवडे चालू ठेवायची असते. टीबीचा कागद एकीकडे आणि एआरटीचा दुसरीकडे असेल, तर हे रुग्णाला सांगणार कोण?

क्रमही सांभाळावा लागतो. आधी टीबीची औषधं, मग साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर मात्र आणखी थांबतात. एआरटीने प्रतिकारशक्ती परतली की ती दबून बसलेल्या जंतूंवर तुटून पडते. ताप पुन्हा चढतो, मानेच्या गाठी सुजतात. ‘ही औषधं मला सोसत नाहीत’ म्हणून नेमक्या याच वेळी गोळ्या सोडल्या जाण्याची भीती असते. दोन्ही उपचारांची माहिती असलेला समुपदेशक समोर असेल, तर तो हे आधीच समजावून ठेवतो.

एका छताखाली येण्याची एक जोखीमही आहे आणि ती लपवू नये. टीबी हवेतून पसरतो, आणि एआरटी सेंटरच्या बाकांवर प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं बसलेली असतात. तिथे खोकणाऱ्याला रांगेत ताटकळत न ठेवता मास्क देऊन आधी आत घ्यायला हवं, आणि बसायची जागा समोरासमोर खिडक्या असलेली, वारा आरपार खेळणारी हवी. लक्षणं नसलेल्यांना टीबी प्रतिबंधक गोळ्याही त्याच भेटीत सुरू करता येतात.